किहीमच्या किनाऱ्यावरचा बेरोजगार : पक्षीमित्र डॉ. सलीम अली

हिवाळ्याची सुट्टी लागली की मुंबईतली आपली कितीतरी कुटुंबं अलिबागकडे निघतात. गेटवेवरून लाँच पकडायची, मांडव्याला उतरायचं, तिथून रिक्षा नाहीतर टमटम. किहीम, थळ, वरसोली, नागाव असं फिरून संध्याकाळी परत. मुलं वाळूत खेळतात, आपण सुरूच्या सावलीत चटई टाकून घरून आणलेली बिर्याणी खातो, चार फोटो काढतो. बस्स. त्याच किहीमच्या वाळूवर आपल्याच समाजातला एक माणूस जवळपास शंभर वर्षांपूर्वी हातात दुर्बीण आणि वही घेऊन फिरत होता. तेव्हा त्याच्याकडे नोकरी नव्हती, पदवी नव्हती. पुढे साऱ्या जगाने त्याला ओळखलं, पण त्याच्या मोठेपणाची सुरुवात या गावातल्या रिकामपणात झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

१२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. त्या निमित्ताने आम्ही ही जीवनकथा आमच्या वाचकांसमोर ठेवत आहोत. खास करून त्या आईवडिलांसमोर, ज्यांच्या घरात एखादं मूल अभ्यासात मागे पडलंय आणि ज्याचं पुढे काय होणार या चिंतेने झोप उडाली आहे.

यतीम पोर आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा. भावंडांत ते सगळ्यात धाकटे, नववे. एक वर्षाचे होते तेव्हा वालिद गेले आणि तीन वर्षांचे असताना वालिदा जीनतुन्निसाही अल्लाहला प्यारी झाली. या यतीम मुलांना खेतवाडीतल्या मामांनी, अमीरुद्दीन तय्यबजींनी, आपल्या घरी नेलं. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. हमीदा मामींनी या पोरांना आईची माया दिली. तय्यबजी घराणं मुंबईतलं नामांकित. शिक्षण, वकिली, स्वातंत्र्याची चळवळ अशा सगळ्या क्षेत्रांत त्यांची माणसं होती. गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी याच घरातले.

मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हातीही छर्‍याची छोटी बंदूक आली. त्या काळात मुलांनी चिमण्या टिपणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने एक दिवस अशीच एक चिमणी पाडली. जुबह करायला म्हणून ती उचलली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणं जायज आहे का? मुलगा अडला. त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही ओळखता येईना.

मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला तिथल्या सचिवांकडे, मिलार्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांकडे पाठवलं. मुलगा घाबरतच गेला. मिलार्ड साहेबांनी ही पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याची कातडी जतन करून ठेवायची कशी हे शिकवायची सोय केली. हलाल-हरामच्या एका साध्या सवालातून एक पोरगा इल्मच्या दारात जाऊन उभा राहिला. आमच्या मते या गोष्टीत मामांचाही मोठा वाटा आहे. पोराने प्रश्न विचारल्यावर त्यांनी त्याला गप्प बसवलं नाही. स्वतःला उत्तर माहीत नव्हतं, तर ज्याला माहीत आहे त्याच्याकडे त्याला धाडलं.

नापास, धंदा बुडालेला, पदवी नसलेला

शाळेत मात्र सलीमची गाडी कधी नीट चालली नाही. डोकेदुखीचा त्रास फार. हवापालट म्हणून काही महिने सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं पार पडलं. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी गणित-बिणित पाहून जीव मेटाकुटीला आला आणि कॉलेज सुटलं. मग घरच्यांनी ब्रह्मदेशात, तव्हॉयला पाठवून दिलं. दक्षिण ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवरचा हा भाग. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. पण भोवती उष्ण कटिबंधातलं घनदाट जंगल. हिशेबाच्या वह्यांपेक्षा सलीमचं लक्ष झाडावर जास्त.

१९१७ मध्ये ते मुंबईत परतले. व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. त्याच वेळी झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढे काही वर्षांत ब्रह्मदेशातला धंदा बसला. नोकरी शोधावी तर पदवी नाही. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, तीही पदवीच्या कागदाअभावी हुकली. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये.

दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की असं अर्धवट ज्ञान घेऊन पुढे जाता येणार नाही. रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली काम केलं. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात ते पाहिलं. १९३० मध्ये मोठ्या उमेदीने घरी आले, तर कळलं की पैशाअभावी म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली आहे.

वय ३३. लग्न झालेलं. कमाई शून्य. आपल्या घरात असा मुलगा असता तर नातेवाईक काय बोलले असते, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

किहीमचा पावसाळा

मुंबईचा खर्च झेपेना म्हणून नवरा-बायको किहीमला राहायला गेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भातखाचरं. ज्यांनी हा किनारा पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, ओहोटी लागली की इथे वेगळीच दुनिया उघडते. ओल्या वाळूत इवलाले खेकडे बिळातून बाहेर येतात आणि वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडून ठेवतात. लाटेच्या कडेकडेने तुतवार आणि चिखल्या लगबगीने धावतात, लाट आली की मागे, गेली की पुढे. खडकावर राखी रंगाचा समुद्र बगळा टपून बसतो. वरून तांबड्या पाठीची ब्राह्मणी घार फिरते, सुरय पाण्यात सूर मारते. यातले बरेच किनारपक्षी थंडीत हजारो मैलांवरून, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून आलेले पाहुणे असतात. आपण त्यांना पाहत नाही, कारण पाहायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पण सलीम अलींना किहीमने दिलेली मोठी भेट घराजवळच्या झाडावर लटकत होती. ती म्हणजे सुगरणीचे खोपे. सुगरण हा आपल्या ओळखीचा पक्षी. बहिणाबाईंच्या कवितेमुळे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात तो बसलाय. नावही बाईचं, आणि घर बांधणारी ती माउली, असंच आपण समजतो. त्या पावसाळ्यात सलीम अली शिडी लावून, आडोसा करून त्यात तासन्‌तास बसले. प्रत्येक खोपा, प्रत्येक नर, प्रत्येक मादी यांची नोंद ठेवली. तेव्हा जे दिसलं ते ऐकून आजही नवल वाटतं.

खोपा विणतो नर. गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब चिंध्या काढून तो घर अर्ध्यापर्यंत आणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. त्या एकेक घर आतबाहेर तपासतात, भाड्याचं घर पाहायला आलेल्या बाईसारखं. पसंत पडलं नाही तर निघून जातात. पसंत पडलं तर मादी तिथे ठाण मांडते, नर उरलेलं बांधकाम पुरं करतो, ती आतली मांडणी करते, अंडी घालते आणि एकटीच उबवते. आणि नर? तो शेजारीच दुसरं घर बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका मोसमात त्याचे असे एकामागून एक संसार थाटले जातात. सुगरणीच्या संसाराची ही रीत त्याआधी कुणी इतक्या बारकाईने मांडली नव्हती. १९३१ मध्ये हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि अभ्यासकांचं या बेरोजगार माणसाकडे लक्ष गेलं.

इथे एक गोष्ट आम्हाला नोंदवावीशी वाटते. त्या काळचे बहुतेक अभ्यासक पक्षी मारून त्याची पिसं-हाडं मोजत. सलीम अलींनीही अभ्यासासाठी अनेक पक्षी मारले, हे लपवण्यात अर्थ नाही. तशी शास्त्राची पद्धतच होती. पण किहीमला त्यांनी जिवंत पक्षी त्याच्या घरी जाऊन पाहिला. बादशाह जहांगीरने सारस पक्ष्याची जोडी पाळून तिच्या अंड्या-पिल्लांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. मोगल बादशाहांच्या या निसर्गप्रेमावर सलीम अलींनी पुढे लेखनही केलं. म्हणजे ही दौलत आपल्या परंपरेत होतीच, ती त्यांनी पुन्हा हाती घेतली.

तहमीना बेगमची साथ

नोकरी मिळाली नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक रस्ता काढला. संस्थानिकांना सांगितलं की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, पगार नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या. हैदराबादपासून सुरुवात झाली. मग १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन. डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत, आजच्या केरळचा मोठा भाग त्यांनी पिंजून काढला. पुढे मध्य भारतातली संस्थानंही झाली.

या सगळ्या मोहिमांत तहमीना बेगम बरोबर होत्या. मोठ्या घरची मुलगी, पण बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम, डास, ताप, सगळं सोसलं. तळावरची व्यवस्था त्या पाहायच्या. आपल्याकडे मोठ्या माणसाची कथा सांगताना बायकोचं नाव एका ओळीत उरकून टाकायची सवय आहे. पण ज्या बाईने मिळवत्या नवऱ्याचा हट्ट धरला नाही, उलट त्याचा शौक हाच घराचा धंदा होऊ दिला, तिचा उल्लेख मानाने व्हायला हवा.

१९३९ मध्ये एका साध्याशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगमचा इंतकाल झाला. संसार जेमतेम वीस वर्षांचा. मूलबाळ नव्हतं. सलीम अली आतून पार मोडले. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं आणि पुढे तेच त्यांचं घर झालं. यतीमपणी मामांनी सांभाळलं, या दुःखात बहिणीने. त्यांनी पुन्हा निकाह केला नाही.

पुस्तक, रण आणि कोडियाकराई

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. रंगीत चित्रं आणि सोपी भाषा, त्यामुळे सामान्य माणसालाही दारातला पक्षी ओळखता येऊ लागला. डेहराडूनच्या तुरुंगात असलेल्या नेहरूंनी त्याची एक प्रत आपल्या मुलीला, इंदिराला पाठवली होती. पुढे पंतप्रधान झाल्यावर इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारपट्टीच्या राज्यांना भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका असं कळवलं. १९९१ च्या किनारा नियमांचा पाया तिथे पडला.

चाळीसच्या दशकात सलीम अलींनी कच्छचे पक्षी अभ्यासले. कच्छच्या मोठ्या रणात, खाऱ्या पाण्याच्या दलदलीत, रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो चिखलाची घरटी करतात. १९४५ मध्ये त्यांनी ती वसाहत पाहिली आणि तिथे सुमारे ५ लाख पक्षी असावेत असा अंदाज बांधला.

१९४७ नंतर सोसायटीजवळ पैसा उरला नव्हता. सलीम अलींनी नेहरूंना लिहिलं, सरकारी मदत मिळवली आणि ती जुनी संस्था जगवली. १९६० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू देशोदेशी जातात का, हा प्रश्न होता. कडी घातलेला पक्षी दुसऱ्या मुलखात सापडला की त्याचा रस्ता कळतो. तामिळनाडूतलं कोडियाकराई, जिथे जमीन टोकदार होऊन समुद्रात शिरते, तिथे हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांचं महत्त्व त्यांनी सगळ्यांच्या नजरेस आणलं. १९६७ मध्ये ते अभयारण्य झालं. भरतपूरचं पाणथळ आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यातही त्यांचा शब्द मोलाचा ठरला.

अमेरिकन अभ्यासक डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा ग्रंथ लिहिला, १९६८ ते १९७४ या काळात १० खंड. शेवटचा खंड आला तेव्हा वय सत्त्याहत्तरच्या घरात. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांच्या संघाचं सुवर्णपदक १९६७ मध्ये मिळालं, ते मिळवणारे ते पहिलेच बिगर-ब्रिटिश. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता निसर्ग संवर्धनाच्या निधीत घातली. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली, त्याला पुढे विद्यापीठांनी बोलावून डॉक्टरेट दिल्या.

एक प्रश्न, जो आम्हाला विचारला जातो

सलीम अलींवर काही लिहिलं की कुणीतरी विचारतंच, ते नमाज-रोजाचे पाबंद होते का? नव्हते. लहानपणी घरात धार्मिक वळण होतं, पण पुढे ते रूढींपासून दूर गेले आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते झाकून ठेवलेलं नाही. आम्हीही झाकत नाही. त्यांचा फैसला अल्लाहकडे. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचंय ते वेगळं आहे. पशुपक्षीही माणसांसारख्याच उम्मती आहेत, ही शिकवण कुरआनात आहे. ती आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर पडून प्लास्टिकची पिशवी नाल्यात टाकतो. तो नाला खाडीला मिळतो. त्या माणसाने मात्र एकेका पक्ष्याचं घर, खाणं, प्रवास समजून घेण्यात आयुष्याची साठ-सत्तर वर्षं घातली.

२० जून १९८७ रोजी, दीर्घ आजारानंतर, ९० व्या वर्षी सलीम अली गेले. पुढच्याच वर्षी गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या चोडण बेटावर खारफुटीचं पक्षी अभयारण्य झालं, त्याला त्यांचं नाव आहे. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पोचता येतं. ठाण्याची खाडीही आता फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०१५ पासून.

पण अभयारण्याची पाटी लागली म्हणजे किनारा वाचला असं नाही. कोकणात आपली कितीतरी गावं खाडीच्या काठावर आहेत. खाजणात भराव पडतो, तिवरं तुटतात, मग मासळी कमी झाली म्हणून आपलेच मच्छीमार भाऊ रडतात. तिवराच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात. चिखलात किडे-शिंपले असतात म्हणून पक्षी येतात. पक्षी येईनासे झाले तर समजावं की चिखलातला जीव संपतोय, आणि उद्या आपल्या जाळ्यातलाही संपणार. पक्ष्यांकडे पाहण्यात हा आपल्या पोटापाण्याचा हिशेबही आहे.

म्हणून आमची वाचकांना दोनच विनंत्या आहेत. पुढच्या वेळी किहीमला, मुरूडला, श्रीवर्धनला किंवा आपल्या गावच्या बंदरावर जाल तेव्हा ओहोटीची वेळ पाहून जा. मुलांना तासभर मोबाईल बाजूला ठेवायला सांगा आणि किती जातींचे पक्षी दिसतात ते एका वहीत लिहू द्या. नाव येत नसेल तर चित्र काढू द्या. येताना आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा.

आणि दुसरी विनंती. घरात कुणी पोर गणितात मागे असेल पण खिडकीबाहेर तासन्‌तास पाहत बसत असेल, तर त्याला लगेच निकम्मा ठरवू नका. अमीरुद्दीन मामांसारखी एक चिठ्ठी लिहून त्याला जाणत्या माणसाकडे पाठवा. त्याच्या सवालाचं उत्तर कोणत्या दारात आहे, ते आपल्याला माहीत नसलं तरी दार दाखवणं आपल्या हातात आहे.